बँटिंगचा पाव आणि डरहॅमचा भात

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त गोड नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

यंदा गणपतीला चिपळूणला धाकट्या भावाकडे गेले होते. चतुर्थीला पंगत बसली. केळीची पानं, मोदक, वरणभात, वर तुपाची धार. भावाचं वजन आता ९८ किलो आहे आणि दोन्ही गुडघे गेले आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, शस्त्रक्रियेआधी निदान दहा किलो उतरवा. हे सगळ्या घराला माहीत. त्याच्या पानात मी भाताची दुसरी मूद वाढायला गेले, तर मुंबईचा भाचा म्हणाला, "आत्या, भात म्हणजे साखरच. बाबांना तूप वाढ हवं तर, पण भात नको." लगेच अमेरिकेहून आलेली भाची उसळली, "काहीतरीच काय! भात राहू दे, ते तूप आधी बंद करा. तिकडचे डॉक्टर काय सांगतात ते वाच जरा." बहीणभावाची जुंपली. दोघांच्या हातात फोन, दोघांकडे पुरावे. मध्ये भाऊ. दोघांकडे आळीपाळीने बघत होता बिचारा. शेवटी म्हणाला, "मग मी खाऊ तरी काय?" आणि पानावरून उठला.

गणपतीच्या दिवशी, भरल्या पानावरून. आमची आई असती तर तिने दोघांनाही काही ऐकवलं असतं. मला मात्र काही बोलता आलं नाही, कारण वाढणारा हात माझाच होता.

आता मी पडले इतिहासाची शिक्षिका. सदतीस वर्षं पोरांना एकच सांगत आले की भांडण कळायचं असेल तर ते सुरू कधी झालं ते आधी शोधा. पुण्याला परतल्यावर तेच करायचं ठरवलं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी वाचायचं म्हणजे शब्दकोश मांडीवर. पण नातीने मदत केली, आणि दोन महिने आम्ही दोघींनी भाताचा आणि पावाचा इतिहास वाचला. तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या भाचरांचं भांडण दीडशे वर्षांहून जुनं आहे!

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, १८६२ साली. आपल्याकडे मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती. विल्यम बँटिंग नावाचे एक सुखवस्तू गृहस्थ होते. (इन्सुलिनवाले फ्रेडरिक बँटिंग ते हे नव्हेत, ते पुढच्या शतकातले.) यांच्या घराण्याचा व्यवसाय अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा, आणि तीही थेट राजघराण्यातल्या. वय ६५, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. गुडघ्यांना आणि घोट्यांना हिसका बसू नये म्हणून जिना उलटा, पाठमोरा उतरत. हे वाचलं आणि मला भाऊच दिसला. तोही अंगणाच्या पायऱ्या तशाच उतरतो.

बँटिंगनी उपाय काही कमी केले नव्हते. कुणी सांगितलं व्यायाम करा, तर रोज सकाळी नदीत होडी वल्हवली. भूक वाढली, वजनही वाढलं! वाफेचे हमाम झाले, पाण्याचे उपचार झाले. पुढे कानाने कमी ऐकू यायला लागलं म्हणून विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हे हार्वे पूर्वी पॅरिसला गेले असताना तिथे क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाचं मधुमेहावरचं आणि यकृतात तयार होणाऱ्या साखरेवरचं विवेचन त्यांनी ऐकलं होतं. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की साखर आणि पिठूळ पदार्थ कमी केले तर चरबीही कमी व्हावी. बँटिंगना त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितलं. मांस, मासे, बटाटा सोडून इतर भाज्या, थोडी फळं, कोरड्या टोस्टचा एखादा तुकडा आणि (हे वाचून नात फार हसली) वाइनचे दोन-तीन पेले चालतील असं सांगितलं.

साधारण वर्षभरात बँटिंग ४६ पौंड उतरले, म्हणजे २१ किलो. जिना सरळ उतरायला लागले. कानही सुधारले. त्यांना इतका आनंद झाला की १८६३ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक छोटी पुस्तिका छापून लोकांत फुकट वाटली. पुढच्या आवृत्त्या विकल्या गेल्या, तर त्यातला नफा धर्मादाय दिला. पुस्तिका इतकी गाजली की इंग्रजीत 'बँटिंग करणं' म्हणजे वजनासाठी पथ्य करणं असा शब्दच रूढ झाला. स्वीडनमध्ये अजूनही पथ्य करण्याला 'बांता' म्हणतात. माणूस गेला १८७८ मध्ये, ८१ वर्षांचा होऊन, आणि क्रियापद होऊन उरला!

म्हणजे माझा भाचा हा बँटिंगचा वारस. डॉक्टरमंडळींनी मात्र तेव्हाही नाकं मुरडली. औषधाबद्दल लिहिणारा हा कोण, असं म्हणाले. पण पाठमोरा जिना उतरणारा माणूस सरळ उतरू लागला, हे कुणाला खोडता आलं नाही.

आता दुसरी बाजू. इथे मी खरी चकित झाले, कारण आम्हा कोकणातल्या माणसांना ज्या भाताची लाज वाटायला लागली आहे, तोच भात देऊन अमेरिकेत लोकांची वजनं उतरवली गेली आहेत.

वॉल्टर केम्पनर हे बर्लिनचे ज्यू डॉक्टर. आई लिडिया राबिनोविच-केम्पनर या नावाजलेल्या जंतुशास्त्रज्ञ, रॉबर्ट कॉख यांच्यासोबत काम केलेल्या. हिटलर सत्तेवर आल्यावर केम्पनर १९३४ मध्ये देश सोडून अमेरिकेत आले, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी, ड्यूक विद्यापीठात. त्या काळी अतिरक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार यांवर धड औषधं नव्हती. केम्पनरनी १९३९ पासून अशा रुग्णांना एक विलक्षण पथ्य द्यायला सुरुवात केली. पांढरा भात, फळं, फळांचा रस आणि साखर. हो, साखर! मीठ जवळजवळ नाही, चरबी नाही, प्रथिनं दिवसाला वीस ग्रॅमच्या आसपास. वरून जीवनसत्त्वं.

पथ्य थोडे दिवसच द्यायचं असा त्यांचा बेत होता. १९४२ मध्ये एका बाईला त्यांनी दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. केम्पनरचे इंग्रजी उच्चार जर्मन वळणाचे, बाईंना ते 'दोन महिने' वाटलं. बाई दोन महिने भात आणि फळं खाऊन आल्या आणि त्यांची तब्येत थक्क करण्याइतकी सुधारली होती. एका चुकलेल्या उच्चाराने केवढं काम केलं! (वर्गात उच्चारावरून मी किती पोरांना बोलले असेन, त्यांची आठवण झाली.)

पुढे हाच भात उष्मांक मोजून, व्यायामाची जोड देऊन फार स्थूल माणसांना दिला गेला. १९७५ मध्ये केम्पनर आणि सहकाऱ्यांनी १०६ जणांची हकीकत प्रसिद्ध केली. प्रत्येकाचं वजन निदान ४५ किलोंनी उतरलेलं होतं, सरासरी जवळजवळ ६४ किलो. माझ्या भाचीला हे कळलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. पण मी तिला म्हटलं, थांब. हे १०६ जण निवडलेले होते, ज्यांचं ४५ किलो उतरलं तेच मोजले. शाळेच्या निकालात फक्त पहिल्या वर्गातली मुलं छापली, तर शाळा थोरच दिसणार. शिवाय हे पथ्य डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली होतं. किती कडक? १९९० च्या दशकात एका खटल्यात केम्पनरनी कबूल केलं, की पथ्य मोडणाऱ्या काही रुग्णांना त्यांनी चाबकाने मारलं होतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. छडी मीही वापरली आहे सुरुवातीच्या काळात, आणि तिने कुणाला इतिहास आला नाही. ज्या पथ्याला चाबूक लागतो, ते घरी आपलं आपण कोण पाळणार?

आता १९७२ कडे येते. हे साल माझ्या पिढीला विसरता येत नाही. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष, सोलापूर जिल्ह्यातलं एक गाव, आणि दुष्काळ. दुष्काळी कामावर माणसं खडी फोडायची, तिथे सुकडी वाटली जायची. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. त्याच साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट ॲटकिन्स नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाचं पुस्तक आलं आणि धडाक्याने खपलं. त्यात सांगितलं होतं, हवं तेवढं मांस, अंडी, लोणी खा, पण पाव, बटाटा, साखर सुरुवातीला जवळजवळ बंद. बँटिंगच परत आले म्हणायचे, लोण्याला माफी देऊन. एकीकडे दाणा नाही म्हणून माणूस वाळतोय, दुसरीकडे दाणा नको म्हणून पुस्तक विकत घेतोय. मी कुणाला दोष देत नाही. पण त्या साली माझ्या भावाला शाळेत डबा नसायचा. घरी आई आधी त्याला वाढायची, मग मला, उरलं तर स्वतःला. तेव्हापासून 'पोटभर' या शब्दाचा अर्थ आमच्या घरात भात असाच आहे.

अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने १९७३ मध्ये ॲटकिन्सवर कडक टीका केली. सरकारी वारंही उलट वाहू लागलं. हृदयविकार वाढत होते आणि संशय चरबीवर होता. १९७७ मध्ये सिनेटर जॉर्ज मॅक्गव्हर्न यांच्या समितीने सांगितलं, उष्मांकांपैकी ५५ ते ६० टक्के कर्बोदकांतून घ्या, चरबी ३० टक्क्यांवर आणा. १९९२ मध्ये सरकारने अन्नाचा पिरॅमिड काढला, त्याच्या पायथ्याशी पाव, भात, पास्ता. दुकानात 'चरबीविरहित' बिस्किटांचे ढीग आले. चरबी काढली, साखर मात्र तशीच राहिली किंवा वाढली. माणसं काही बारीक झाली नाहीत. मग लोक पुन्हा ॲटकिन्सकडे वळले. असा हा लंबक, या टोकाकडून त्या टोकाकडे.

आणि इतकी वर्षं दोन्ही पथ्यं शेजारीशेजारी ठेवून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसं वाटून, धड तुलना फारशी कुणी केलीच नव्हती. जो तो आपल्या गुण आलेल्या रुग्णाकडे बोट दाखवायचा.

ॲटकिन्स एप्रिल २००३ मध्ये बर्फाळ पदपथावरून घसरून, डोक्याला मार लागून गेले. पुढच्याच महिन्यात एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात तुलनेचे निकाल आले. त्यातल्या एका अभ्यासात ६३ माणसं होती. सहा महिन्यांनी कमी कर्बोदकवाल्यांचं वजन सरासरी सात टक्के उतरलं होतं, दुसऱ्या गटाचं तीन टक्क्यांच्या जरा वर. भाचा जिंकला म्हणायचा! पण वर्ष पुरं होईतो दोन्ही गटांचं वजन थोडं परत चढलं आणि त्यांच्यातला फरक ठामपणे सांगता येण्याजोगा राहिला नाही.

सुरुवातीच्या घाईच्या उतरणीचं एक कारण साधं आहे. आपलं शरीर थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पोळी बंद केली की हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. काटा पटकन खाली येतो, माणूस खूश. पण ते पाणी असतं, चरबी नव्हे.

२००९ मध्ये ८११ जणांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला. कर्बोदकं, चरबी, प्रथिनं यांचं प्रमाण वेगवेगळं असलेली चार पथ्यं. वजन चौघांकडेही सारखंच उतरलं. मग २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांचा अभ्यास आला. ६०९ माणसं, पूर्ण एक वर्ष. एका गटाला कमी चरबी, दुसऱ्याला कमी कर्बोदकं. दोघांनाही सांगितलं, साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी रांधा. उष्मांक मोजायला सांगितलं नाही. वर्षअखेर कमी चरबीवाल्यांचं सरासरी वजन ५.३ किलोंनी उतरलं, कमी कर्बोदकवाल्यांचं ६ किलोंनी. फरक ७०० ग्रॅमचा! संशोधकांनी जनुकं पाहिली, इन्सुलिन पाहिलं. कुणाला कुठलं पथ्य लागू पडेल, हे त्यावरूनही सांगता येईना.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दोन्ही गटांत कुणाचं वजन तीस किलोंच्या आसपास उतरलं होतं, तर कुणाचं दहाएक किलो वाढलं होतं. म्हणजे पथ्यापथ्यात फरक किलोभरसुद्धा नाही, आणि माणसामाणसात चाळीस किलोंचा! हे वाचलं तेव्हा मी नातीला म्हटलं, अगं, दीडशे वर्षं आपण भलत्याच ठिकाणी भांडतोय.

अजून एक सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संशोधन रुग्णालयात वीस जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे एक पथ्य, दोन आठवडे दुसरं, हवं तेवढं खा. कमी चरबीच्या वनस्पतीजन्य जेवणावर माणसं आपणहून रोज सुमारे ७०० उष्मांक कमी खात होती. पण कमी कर्बोदकांच्या जेवणावर रक्तातली साखर शांत राहत होती. म्हणजे भाचीच्या पदरात एक गुण, भाच्याच्याही पदरात एक. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे वाचून एकदम भात-पोळी सोडू नये. साखर फार खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.)

हे सगळं मी चार पानांवर लिहून काढलं आणि दिवाळीत भाऊबीजेला चिपळूणला घेऊन गेले. ओवाळून झाल्यावर भाचा आणि भाची (ती फोनवर, तिकडे पहाट) दोघांना ऐकवलं. भाचा म्हणाला, "म्हणजे आत्या, मी चूक?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. तूही बरोबर, तीही बरोबर. चूक एवढीच, की ज्याला खायचंय त्याला आपण कुणीच विचारलं नाही."

मग विचारलं. भाऊ बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "ताई, मला दुपारी वाटीभर भात हवा. तो नसला की जेवलोय असंच वाटत नाही, मग दिवसभर फरसाण खातो. रात्रीचा भात सोडेन. तीन वेळच्या चहातली साखर सोडेन. बिस्किटं सोडेन." आणि मग हळूच, "आणि तू आग्रह नको करूस."

हे शेवटचं मला लागलं. पण खरं होतं. बहात्तर साल संपून पन्नास वर्षं होऊन गेली, आणि मी अजून त्याला दुष्काळातला मुलगा समजून वाढत होते. माया म्हणून वाढलेली ती मूद त्याच्या गुडघ्यांवर बसत होती.

त्यालाही आता तीन महिने झाले. काटा ९४ वर आहे. चार किलो म्हणजे काही बँटिंग नव्हे, आणि शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. मध्ये एक लग्न झालं, त्यात एक किलो परत चढला, पुन्हा उतरला. भावजय सांगते, आता निदान ताटावरून उठत नाहीत.

असो. मागच्या आठवड्यात पुन्हा गेले होते. त्याच्या पानात एकच मूद वाढली, आमटी आणि भाजी भरपूर. त्याने पान स्वच्छ केलं, माझ्याकडे बघितलं. माझा हात सवयीने भातवाढीकडे गेला होता. मी तो मागे घेतला आणि ताकाचं भांडं पुढे केलं.

तुमच्या घरी काय चाललंय भाताचं? सवडीने जरूर कळवा.